अस्थींची साक्ष : याकूत लोकांचे मध्ययुग

सेमिनरीत ख्रिस्तसभेच्या इतिहासाच्या तासाला 'मध्ययुग' हा शब्द निघाला की आमच्या डोळ्यांसमोर काही ठरावीक चित्रे उभी राहत. पॅरिसच्या विद्यापीठात शिकविणारे संत थॉमस अक्वायनस, उंच मनोऱ्यांची कॅथेड्रले, अनवाणी हिंडणारे फ्रान्सिस्कन बंधू, क्रुसेडचे घोडेस्वार. त्याच तेराव्या शतकाच्या सुमारास, आणि त्यानंतरची शे-दोनशे वर्षे, आशिया खंडाच्या ईशान्य टोकाकडे बैकल सरोवराच्या बाजूचे काही लोक आपली गुरे व घोडी हाकीत लेना नदीच्या खोऱ्यात उतरत होते, हे आम्हाला कोणी सांगितले नाही. सांगणार तरी कोण? त्या लोकांनी स्वतःविषयी एक ओळही लिहून ठेवलेली नाही. त्यांचे मध्ययुग आज आपल्यापुढे येते आहे ते ग्रंथांतून नव्हे, तर थडग्यांतून.

हे लोक म्हणजे याकूत. ते स्वतःला 'साखा' म्हणवितात. रशियाच्या महासंघातील त्यांचे साखा प्रजासत्ताक सुमारे ३१ लाख चौरस किलोमीटर पसरलेले आहे. म्हणजे आपल्या भारताहून किंचित लहान, आणि त्यात वस्ती मात्र दहा लाखांच्या आसपास. त्यांची भाषा तुर्की कुळातील. सायबेरियाच्या उत्तरेकडील बहुतेक जमाती शिकार, मासेमारी आणि रेनडिअर यांवर जगत आलेल्या असताना हे एकटेच तेथे गाई आणि घोडे पाळतात. जानेवारीत तापमान शून्याखाली चाळीस अंशांच्या घरात जाते, अशा मुलखात गाय जगवायची म्हणजे वर्षातील बराच काळ तिला गोठ्यात ठेवून, उन्हाळ्याच्या थोड्याशा आठवड्यांत कापलेल्या गवतावर पोसायचे. हा उद्योग मूळचा त्या भूमीचा नव्हे, हे कोणाच्याही लक्षात येईल.

त्यांच्याविषयीची लिखित नोंद सुरू होते १६३२ साली. त्या वर्षी प्योत्र बेकेतोव या कोसॅक सरदाराने लेनाच्या काठी लाकडी गढी उभारली. तिचेच पुढे याकुत्स्क शहर झाले. कोसॅकांना हवी होती कातडी, विशेषतः सेबल या छोट्या प्राण्याची मऊ, मौल्यवान कातडी. प्रत्येक कुळाने किती कातडी द्यायची हे ठरले. या कराला 'यासाक' म्हणत. यासाकाच्या वह्या हेच याकूतांच्या लिखित इतिहासाचे पहिले पान. वहीत नाव आहे, देणे आहे, थकबाकी आहे. माणूस मात्र नाही. तो काय खात होता, कोणाशी लग्न करीत होता, कशाने मरत होता आणि मेल्यावर त्याला कोणी कसे निरोप देत होते, याचा वहीवाल्याला काय उपयोग?

याच कारणास्तव याकूतांच्या बाबतीत 'मध्ययुग' ही संज्ञा आपल्या पाठ्यपुस्तकांप्रमाणे कोलंबसापाशी संपत नाही. ते कोसॅकांच्या आगमनापर्यंत, सतराव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत चालते, आणि दफनाच्या चालीरीती तर त्यानंतरही शतकभर तशाच राहिलेल्या दिसतात.

आता त्या भूमीविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण या कथेत भूमी हीच ग्रंथपाल आहे. याकुत्स्कची जमीन बारमाही गोठलेली असते. उन्हाळ्यात वरचा पाच-सहा फुटांचा थर काय तो सुटतो. त्याखाली दगडासारखे बर्फमिश्रित मातीचे राज्य. १८२८ साली शेर्गिन नावाच्या एका व्यवहारी गृहस्थाने पाण्यासाठी तेथे विहीर खणावयास घेतली. १८३७ पर्यंत खणून ती ११६ मीटर खोल गेली, तरी तळाशी गोठलेली मातीच होती. पाणी काही लागले नाही, शास्त्राला मात्र मोठा लाभ झाला. अशा मातीत ठेवलेला देह आपल्याकडच्याप्रमाणे काही वर्षांत मातीला मिळत नाही. आमच्या दफनभूमीत जुनी कबर पुन्हा उघडली की खणणारा माणूस चार हाडे हळूच एका कडेला सारतो. तेवढेच उरलेले असते. याकूतांच्या थडग्यात पुष्कळदा त्वचा, केस, कपड्यांची शिवण, शेजारी ठेवलेले मांस, सारे टिकून राहते.

मात्र वाचकांनी एक भेद ध्यानात ठेवावा. गोठून जसेच्या तसे राहिलेले बहुतेक देह सतराव्या-अठराव्या शतकांतील आहेत. त्याआधीच्या, म्हणजे खऱ्या मध्ययुगातील थडग्यांची संख्या फार थोडी असून त्यांत बहुधा सांगाडाच हाती लागतो. कारणे उघड आहेत. पूर्वी सर्वच मृतांना पुरत नसत. झाडांच्या बुंध्यांवर किंवा खांबांवर उंच मचाण बांधून त्यावर मृताची पेटी ठेवण्याची चाल होती. तिला 'अरंगास' म्हणतात. शामान, म्हणजे आत्म्यांशी संवाद साधणारे त्यांचे पुरोहित, यांच्या बाबतीत ती फार काळ टिकली. अठराव्या शतकातील प्रवाशांच्या लेखनात दहनाचेही उल्लेख आढळतात. मचाण कुजून कोसळले की अस्थी विखुरतात, आणि दहनातून फारसे काही उरत नाही. शिवाय मंगोलियाच्या गवताळ प्रदेशातल्याप्रमाणे थडग्यावर दगडांची मोठी रास रचण्याची रीत येथे नव्हती. जमिनीवर खूण नाही, तर शोधणार कोठे? मग कोणी रस्त्यासाठी किंवा घराच्या पायासाठी खणू लागला की अवचित कवटी वर येते.

या काळाला नाव मिळाले तेही उत्खननातूनच. चौदाव्या ते सोळाव्या शतकांतील वसाहतींना अनातोली गोगोलेव या याकूत इतिहासकाराने 'कुलून-अताख संस्कृती' असे नाव दिले. याकूत भाषेत कुलून म्हणजे शिंगरू आणि अताख म्हणजे पाय. एखाद्या संस्कृतीला शिंगराच्या पायाचे नाव मिळावे आणि तिच्या वस्त्यांत घोड्यांची व गुरांची हाडे सापडावीत, हा योग मला गोड वाटतो. याकुत्स्कच्या परिसरातील सेर्गेल्याख येथे याच काळातले एक थडगे मिळाले. त्याचा काळ पंधराव्या शतकाच्या मध्यापासून सोळाव्याच्या आरंभापर्यंतचा ठरला. त्या एका थडग्यासाठी पुरातत्त्वज्ञ, कवटीचे अभ्यासक, दातांचे अभ्यासक आणि किरणोत्सारी कार्बनावरून कालनिर्णय करणारे असे अनेक तज्ज्ञ एकत्र बसले. एका माणसाच्या अस्थींभोवती इतकी माणसे त्याच्या अंत्यविधीला तरी जमली होती की नाही, कोण जाणे.

अस्थी काय सांगतात? ओटीपोटाच्या हाडांवरून स्त्री की पुरुष हे कळते. दात आणि हाडांचे सांधे यांवरून वयाचा अदमास येतो. बालपणी उपासमार किंवा दीर्घ आजार झाला असेल तर दातांच्या आवरणावर आडव्या रेषा उमटतात आणि त्या आयुष्यभर पुसल्या जात नाहीत. जांघेच्या सांध्यावरून घोडेस्वारीचा अंदाज बांधतात. परंतु तसेच फरक अन्य श्रमांनीही होऊ शकतात, म्हणून हा पुरावा एकट्याने पुरेसा धरू नये असे माझे मत आहे. हाडांतील नायट्रोजन व कार्बन तपासून आहाराचा कस कळतो. त्यातही मेख आहे. गाईचे दूध पिणारा आणि गाईचे मांस खाणारा यांच्या हाडांत फरक दिसत नाही. मासे भरपूर खाणाऱ्याची हाडे तर कधीकधी त्याच्या खऱ्या काळाहून जुनी असल्याचे भासवितात, कारण तळ्यातील पाण्यात जुना कार्बन असू शकतो. याकूत तर तळ्यातील मासे खाणारेच. हाड खोटे बोलत नाही. पण आपण त्याला भलताच प्रश्न विचारू शकतो.

अशा ठिकाणी इतर साधनांची मदत घ्यावी लागते. वात्स्लाव सिएरोशेव्स्की हा पोलिश देशभक्त झारच्या सरकारने १८८० साली या मुलखात हद्दपार केला. तो बारा वर्षे तेथे राहिला, याकूत स्त्रीशी विवाह केला, त्यांची भाषा शिकला आणि १८९६ साली 'याकूत' या नावाचा जाडजूड ग्रंथ रशियन भाषेत प्रसिद्ध केला. गरीब घरांत पाइनच्या सालीच्या आतला कोवळा थर वाळवून, कुटून, दुधात शिजवून खात, अशी माहिती त्यात आहे. श्रीमंताचे अन्न म्हणजे घोड्याचे मांस आणि 'कुमिस', घोडीचे आंबवलेले दूध. ज्याला शिक्षा म्हणून धाडले त्यानेच त्या लोकांची सर्वांत आपुलकीने नोंद करावी, हे यासाकाच्या वहीवाल्यांना जमले नव्हते.

आता थडग्याकडे वळू. लार्च वृक्षाच्या फळ्यांची पेटी किंवा पोखरलेले खोड, त्यावर भूर्जाच्या सालीचे आच्छादन. आपल्या पूर्वजांनी जिच्यावर पोथ्या लिहिल्या त्या सालीची ही उत्तरेकडील बहीण. पाणी आत शिरू देत नाही. पुरुषाबरोबर चाकू, धनुष्य, बाणांची टोके, खोगीर. स्त्रीबरोबर दागिने, पुढच्या काळात काचेच्या मण्यांच्या माळा. प्रवासाची शिदोरी म्हणून मांस, आणि कुमिस पिण्याचा 'चोरोन' नावाचा कोरीव लाकडी पेला. याकूत समजुतीप्रमाणे माणसाला तीन आत्मे असतात : आईकडून आलेला, मातीचा आणि वाऱ्याचा. त्यांपैकी मातीचा आत्मा मरणानंतर मातीकडे जातो. जमीन लोखंडासारखी गोठलेली असताना थडगे खणायचे तर आधी जाळ करून ती सोडवावी लागते. लाकूड तोडा, आग लावा, वितळलेला चिखल उपसा, पुन्हा आग लावा. ज्यांना पुढे आलेल्यांनी 'रानटी' म्हटले ते आपल्या मृतांसाठी एवढे कष्ट घेत होते.

काही थडग्यांशेजारी वेगळ्या खड्ड्यात घोडा पुरलेला सापडतो. मृताला परलोकी वाहन हवे म्हणून तो बळी दिलेला असे. हे वाचताना मला एका फ्रान्सिस्कन बंधूची आठवण झाली. जोव्हानी दा पियान देल कार्पिने हे संत फ्रान्सिसच्या आरंभीच्या साथीदारांपैकी एक. चौथे पोप इनोसंट यांचे पत्र घेऊन ते १२४५ साली, साठीच्या घरात असताना आणि शरीराने स्थूल असताना, लिऑनहून मंगोल सम्राटाकडे निघाले. १२४६ च्या उन्हाळ्यात ते गुयुक खानाच्या राज्यारोहणाला हजर होते. परत आल्यावर त्यांनी मंगोलांचे जे वर्णन लिहिले त्यात सरदाराच्या दफनाचाही भाग आहे : मृताला त्याच्या तंबूसह पुरतात, पुढ्यात मांस आणि घोडीचे दूध ठेवतात, शिंगरासह एक घोडी आणि लगाम-खोगिरासह एक घोडा त्याच्याबरोबर पुरतात. कार्पिने याकूतांपर्यंत गेले नव्हते. त्यांनी पाहिले-ऐकले ते मंगोलांविषयी. पण मांस, घोडीचे दूध, खोगीर घातलेला घोडा हे सारे लेनाकाठच्या थडग्यांत भेटावे, यावरून हे लोक कोणत्या जगातून उत्तरेला आले ते कळते. त्यांनी तो गवताळ प्रदेश सोडला तो मंगोलांच्या दडपणामुळेच, असे अनेक इतिहासकार मानतात.

घोड्याच्या अस्थींनीही आपली साक्ष दिली आहे. याकूतांचा घोडा ठेंगणा, दाट केसांचा. हिवाळाभर उघड्यावर राहून बर्फ खुरांनी उकरीत खाली दबलेले गवत खातो. तेथे हिमयुगापासून असलेल्या रानघोड्यांचा तो वंशज असावा, असे पूर्वी काहींना वाटे. २०१५ साली जनुकांच्या तपासणीने तो तर्क मोडला. हा घोडा माणसांबरोबरच दक्षिणेतून आला आणि आठशे वर्षांहून कमी काळात त्या थंडीला जुळवून घेता झाला.

माणसांच्या जनुकांची कथा याहून रंजक आहे. २००२ पासून तुलूझचे एरिक क्रुबेझी यांच्या नेतृत्वाखाली फ्रेंच शास्त्रज्ञ आणि याकुत्स्कचे शास्त्रज्ञ मिळून तेथे उत्खनने करू लागले. पंधराव्या ते एकोणिसाव्या शतकांतील ५८ गोठलेल्या देहांचा अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. पुरुषांचे वंश बैकलच्या पश्चिमेकडून आलेल्या घोडेस्वारांच्या एका लहानशा गटापर्यंत मागे जातात. मातांकडील वंश मात्र बहुविध आहेत. त्या स्वारांनी तेथल्या एवेन्क जमातीच्या स्त्रियांशी विवाह केले आणि पंधराव्या शतकातच याकूतांची जी घडण झाली ती आजतागायत दिसते. आता याकूतांची लोककथा ऐका. ओमोगोय नावाचा धनवान आधीच लेनाकाठी राहत होता. दक्षिणेतून एल्लेय नावाचा एकटा तरुण आला, ओमोगोयच्या घरी राबला आणि त्याच्या दोन मुलींपैकी नावडतीशी लग्न केले. त्याच्यापासून याकूत वाढले. कथेला पुरावा मिळाला असे मी म्हणणार नाही; एल्लेयची हाडे कोणाला सापडलेली नाहीत. परंतु दक्षिणेकडून आलेला पुरुष आणि आधीपासून तेथे असलेली वधू, एवढी गोष्ट आजीबाईंनी शेकोटीपाशी पाचशे वर्षे नीट सांभाळली होती.

या तपासणीत एक फजितीही झाली. पुढे १३० जणांच्या अस्थी घेऊन कोण कोणाचा भाऊ, कोण कोणाचा बाप हे ठरविण्याचा प्रयत्न झाला. पोलीस तपासात वापरतात त्याच पंधरा खुणांची चाचणी लावली. ती चुकू लागली. जे नव्हते ते नाते दिसू लागले. मूळचे लोक इतके थोडे आणि पितृवंश इतके एकसारखे, की दूरचा चुलतभाऊही सख्खा वाटावा! आणखी एक गोष्ट त्या अभ्यासकांनी नोंदविली. तीन ते पंधरा वर्षांपूर्वी बाहेर काढून संग्रहालयात ठेवलेल्या सात देहांतील जनुकद्रव्य नुकत्याच उकरलेल्या देहांच्या मानाने निकृष्ट निघाले. गोठलेल्या मातीने शतकानुशतके राखले ते आपल्या कपाटात काही वर्षेही नीट राहिले नाही. आणि आता ती मातीही तापत्या हवामानाने वितळू लागली आहे.

यापुढचे लिहिताना माझी लेखणी जड होते. क्षयरोगाच्या खुणा मणक्यांत उमटतात. मणके खचून पाठीला कुबड येते. हाडापर्यंत हा रोग थोड्याच रुग्णांत पोहोचतो, म्हणून सांगाड्यांत दिसेल त्याहून प्रत्यक्षात तो कितीतरी अधिक असला पाहिजे. सोळाव्या ते एकोणिसाव्या शतकांतील १४० याकूत देहांच्या तपासणीचा निष्कर्ष २०१४ साली आला. सतराव्या शतकात बाहेरच्यांशी संबंध आला आणि त्यानंतर क्षय याकूतांत पसरत गेला; अस्थींत मिळालेला जंतूचा प्रकार युरोपीय मूळ सुचवितो. देवीची तऱ्हा निराळी. ती इतक्या झपाट्याने मारते की हाडावर सहसा काहीच लिहून जात नाही. नुसता सांगाडा असता तर कोणाला पत्ताही लागला नसता. पण २००४ साली उघडलेल्या एका लाकडी थडग्यात पाच गोठलेले देह एकत्र होते. याकूतांची रीत एका थडग्यात एकालाच ठेवण्याची. सतराव्या शतकाच्या अखेरीस किंवा अठराव्याच्या आरंभी हे पाच जण एकदमच गेले असले पाहिजेत. त्यांतील एका स्त्रीच्या फुप्फुसात देवीच्या विषाणूचे जनुकद्रव्य सापडले, आणि २०१२ साली ते जाहीर झाले. आमच्या पिढीच्या दंडावर देवीच्या लशीचे वण आहेत. या पाच जणांना ती लस मिळायला आणखी शतक जावे लागणार होते.

यासाकाच्या वहीत या पाच जणांची नोंद झालीच असेल, तर बुडालेली बाकी म्हणून.

ज्या नदीमार्गाने हे रोग आले त्याच मार्गाने क्रूसही आला, ही गोष्ट धर्मगुरू म्हणून मला टाळता येत नाही. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून थडग्यांत क्रूस दिसू लागतात. आरंभी पुष्कळांनी बाप्तिस्मा घेतला तो करसवलतीच्या आशेने, हे कबूल केले पाहिजे. पण गोष्ट तेवढ्यावर संपली नाही. ऑर्थोडॉक्स आर्चबिशप इनोसेंट यांनी धर्मग्रंथांचे याकूत भाषेत भाषांतर करवून घेतले, आणि १८५९ साली याकुत्स्कच्या कॅथेड्रलमध्ये प्रथमच याकूत भाषेत उपासना झाली. आपल्याकडे मिस्सा मराठीतून होऊ लागली ती दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, याहून शंभर वर्षांनी.

बाप्तिस्मा झालेल्यांच्या थडग्यांतही कोठे कोठे खोगीर आहे, चाकू आहे. जुन्या याकूत थडग्यांत मृताचे डोके बहुधा पश्चिमेकडे असे. ख्रिस्ती दफनातही डोके पश्चिमेला ठेवतात, म्हणजे देह उठला तर त्याची दृष्टी पूर्वेकडे असावी. त्यामुळे पेटीचे झाकण उघडल्यावर सांगाड्याच्या दिशेवरून उत्खननकाराला काही ठरविता येत नाही. गळ्याच्या हाडांपाशी हाताने माती बाजूस सारून तो लहानसा क्रूस आहे का, ते पाहावे लागते.